स्क्रीनच्या प्रकाशाने डोळे खराब होतात का? निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर जातात, उरलेल्या वेळात मोबाइल असतो, आणि संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, जड होतात, मधूनच धूसर दिसतं. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घ्या असा सल्ला तुम्हाला मिळालाय. त्या घ्याव्यात का, या प्रकाशाने डोळ्यांचं कायमचं नुकसान होतंय का, आणि आठ वर्षांच्या मुलीचं काय, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासणं आणि नंबर काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे प्रश्न मला सतत ऐकायला मिळतात. स्क्रीनच्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा खराब होत नाही, हे आधी सांगून टाकते. तुमचा त्रास मात्र शंभर टक्के खरा आहे. फक्त त्याचा दोष प्रकाशाच्या माथी मारला जातो आणि खरी कारणं तशीच राहून जातात.

प्रकाशाचं आधी बघू. ऑफिसातल्या दिव्यांखाली साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजारांत असतो आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात जातो. या सूर्यप्रकाशात निळा भाग भरपूर असतो. त्याच्यापुढे स्क्रीनमधून डोळ्यांत जाणारा निळा प्रकाश अगदीच थोडा. मग ही भीती आली कुठून? प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या प्रयोगांतून. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या अशाच एका प्रयोगानंतर ‘मोबाइलमुळे अंधत्व’ अशा बातम्या जगभर झळकल्या. त्या प्रयोगात निळ्या प्रकाशाने पेशी मेल्या हे खरं, पण त्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी नव्हत्या, आणि आपण फोन बघतो तसा तो प्रकाश त्यांच्यावर पडलेला नव्हता. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मोलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने तेव्हाच हे जाहीरपणे स्पष्ट केलं होतं. बातमी लोकांच्या लक्षात राहिली, खुलासा राहिला नाही.

आता तो चष्मा. या काचांवर झालेल्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा ताण साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होत नसावा. तसंही या काचा साधारण १० ते २५ टक्केच निळा प्रकाश अडवतात. ‘पण मला तर फरक पडला’ असं सांगणारे बरेच जण मला भेटतात. त्यांचा जुना आणि नवा चष्मा तपासून बघितला की पुष्कळदा कारण सापडतं: नव्या चष्म्यात नंबर बरोबर केलेला असतो. अर्ध्या नंबराचा सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेसाठी लागणारा तिरका नंबर, राहून गेलेला असेल तर घरात-रस्त्यावर काही जाणवत नाही, दहा तास बारीक अक्षरं वाचली की जाणवतं. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी नीट तपासणीवर करा. निळ्या काचांनी अपाय काही नाही, पण तुमची चुरचुर त्यांनी जाणार नाही.

ती चुरचुर येते पापण्यांमुळे. त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी डॉक्टरांनी १९९३ मध्ये ऑफिसात काम करणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि स्क्रीनकडे बघताना फक्त ७ वेळा. शिवाय एकाग्र झालेल्या माणसाची पापणी पुष्कळदा अर्धीच खाली येते आणि परत वर जाते.

याने काय बिघडतं? बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर पसरलेला असतो. तळाशी चिकट द्रव, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं, आणि पापणी पूर्ण मिटली की ते दाबलं जाऊन बाहेर पडतं व सगळीकडे पसरतं. पापणी मिटलीच नाही किंवा अर्धवट मिटली, तर तेल कमी पडतं, पाणी उडून जातं, थर जागोजागी फाटतो. मग चुरचुर, लाली, वाळू गेल्यासारखं टोचणं सुरू होतं. कित्येकांच्या डोळ्यांतून उलट पाणी गळायला लागतं आणि ‘माझे डोळे कोरडे कसे असतील?’ असं ते विचारतात. टोचणी लागली की डोळा घाईने पाणी सोडतो, पण त्या पाण्यात पुरेसं तेल नसल्याने ते टिकत नाही.

तुम्ही एक गोष्ट स्वतः करून बघा. पुढच्या वेळी धूसर दिसेल तेव्हा डोळे हलकेच पूर्ण मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा आणि उघडा. लगेच स्वच्छ दिसलं तर तो धूसरपणा बहुधा अश्रूंच्या थराचाच. आणि हीच कृती दिवसभरात, आठवण होईल तेव्हा, चार-पाच वेळा लागोपाठ करत जा. घट्ट आवळायचे नाहीत, फक्त पूर्ण मिटायचे. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर बसायची जागा बदला. स्क्रीन नजरेच्या रेषेपेक्षा थोडी खाली घ्या. वर बघावं लागलं की डोळे जास्त उघडे राहतात आणि तेवढे लवकर वाळतात.

एवढं करूनही कोरडेपणा राहिलाच तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. लाली घालवणारे थेंब मात्र मनाने घेऊ नका. ते रक्तवाहिन्या आकुंचित करून डोळा पांढरा दाखवतात, कोरडेपणा तसाच राहतो, आणि सतत वापरले तर बंद केल्यावर लाली दुप्पट जोमाने परत येते. असे डोळे घेऊन आलेली माणसं बघितली की मला मनापासून वाईट वाटतं.

जडपणाचं कारण आणखी वेगळं. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातला एक छोटा स्नायू आकुंचन पावून भिंगाची वक्रता वाढवतो. दहा तास जवळच बघत राहणं म्हणजे हातात भरलेली बादली धरून उभं राहणं. वजन फार नसलं तरी खाली ठेवायला मिळत नाही. अंतराने यात फार फरक पडतो. लॅपटॉप अर्ध्या मीटरवर असेल तर डोळ्याला दोन डायॉप्टरची (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबर यातच असतो) ताकद लावावी लागते, मोबाइल २५ सेंटिमीटरवर धरला की चारची, म्हणजे थेट दुप्पट. त्यामुळे लॅपटॉपमधून सुटका म्हणून मोबाइल हातात घेणं ही डोळ्यांसाठी विश्रांती नाही. अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी सुचवलेला २०-२०-२० चा नियम तुम्ही ऐकला असेल: दर २० मिनिटांनी, २० फूट म्हणजे सहा मीटर लांब, २० सेकंद बघायचं. आकडे तंतोतंत पाळले नाहीत तरी चालेल. खिडकीतून लांब बघणं, फोनवर बोलताना उठून चालणं, एवढं नेमाने झालं तरी पुष्कळ आहे.

तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. चाळिशी लागली असेल आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला) असेल, तर स्क्रीन वाचायला तुम्ही हनुवटी वर करता का ते बघा. तसं असेल तर मानही दुखत असणार. अशांना मी स्क्रीनचं अंतर मोजून त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करायला सांगते. त्याने मिळणारा आराम दुसऱ्या कुठल्याच काचेने मिळत नाही.

उजेडाच्या बाबतीत एवढंच, की स्क्रीन आणि खोली यांच्यात फार तफावत नको. स्क्रीनवरचं पांढरं पान शेजारच्या कागदाइतकंच उजळ दिसायला हवं. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीशी नको, बाजूला असावी. डार्क मोड आवडत असेल तर वापरा, पण काळ्या स्क्रीनकडे बघताना डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि सिलिंडरचा नंबर असलेल्यांना पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात.

झोपेशी मात्र या प्रकाशाचा खराखुरा संबंध आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्या दिवस की रात्र हे मेंदूला कळवतात. त्यांच्यातलं मेलानोप्सिन हे द्रव्य साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, झोपण्यापूर्वी काही तास उजळ टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली, आणि मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचं प्रमाणही घटलं. रात्री स्क्रीन मंद करा, आणि जमलं तर झोपण्याआधी तासभर ती बाजूला ठेवा. फोनचा पिवळा नाइट मोड लावल्याने चुरचुर थांबेल अशी अपेक्षा मात्र धरू नका.

मुलीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण मला काळजी तिचीच जास्त वाटते. या वयात प्रश्न स्क्रीनच्या प्रकाशाचा नसून बाहेरचा प्रकाश कमी मिळण्याचा आहे. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांबट झाला की मायनस नंबर येतो, आणि ती लांबी पुन्हा कमी करता येत नाही. चीनमधल्या ग्वांगजो शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, तर नेहमीसारख्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त ४० मिनिटांनी इतका फरक पडतो! तेव्हा तिला रोज बाहेर खेळू द्या, शक्य तर दीड-दोन तास. मोबाइल असो वा पुस्तक, कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरापेक्षा जवळ धरू देऊ नका. आणि वर्षातून एकदा तिचे डोळे तपासून घ्या. नंबर आलाच तर तो वाढण्याचा वेग कमी करणारे उपचार आता आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात.

स्क्रीनवर ढकलून न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं अशी लक्षणं म्हणजे अचानक चमका दिसणं, काळे ठिपके एकाएकी वाढणं, नजरेवर एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, एकाच डोळ्यात लालीसोबत ठणका, किंवा एकाचे दोन दिसणं. बाकी, तुमची शेवटची तपासणी होऊन दोन वर्षं उलटली असतील तर नंबरासोबत डोळ्यातला दाबही मोजून घ्या. काचबिंदू सुरुवातीला ना दुखतो ना चुरचुरतो, तो फक्त तपासणीतच सापडतो.