रजा नाही म्हणून सांगत होते

तू विचारलंस, नवऱ्याला इंग्लंडात लेस्टरला नोकरी लागलीय, मुलगा सहावीत आहे, बेळगावातल्या शहापूरचं बिऱ्हाड आवरून निघतोय, तिथं मी आठवड्याला तीन दिवस काम धरलं तर सुट्टीचे पैसे मिळतात का, की दिवस भरला तरच पगार? व्हिसा, फी, टीबीची तपासणी हे सगळं सरकारी पानावर आहे, ते तू वाचलंयस. मी सुट्टीचंच सांगते, कारण तुझ्या त्या एका ओळीनं काल माझी झोप घालवली.

मिळतात. वर्षाला ५.६ आठवडे, पगारी, कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क. पाच दिवसवाल्याचे २८ दिवस होतात, तुझे तीन दिवसांचे १६.८. झिरो अवर्सवर, म्हणजे तास ठरलेले नसलेल्या कामावर असलीस तरी हक्क आहेच. तास दर आठवड्याला बदलत असतील तर केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के रजा जमा होते, म्हणजे २० तासांमागे साधारण २ तास २५ मिनिटं. अशा बदलत्या तासांच्या लोकांना काही ठिकाणी रजेचे पैसे प्रत्येक पगारातच जोडून देतात. २०२४ पासून ते चालतं, पण पगाराच्या स्लिपवर रजेच्या पैशांची ओळ वेगळी दिसली पाहिजे. "तुझ्या रेटमध्येच धरलंय" असं कोणी तोंडी म्हणालं तर ओळ दाखवा म्हणायचं. आणि तुझे तीन दिवस ठरलेले असतील तर तो मार्ग तुला लागूच नाही, तुला रजाच मिळायला हवी.

बँक हॉलिडेची, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्ट्यांची, गंमत वेगळी. इंग्लंडात वर्षाला आठ. त्या पगारी द्यायलाच हव्यात असं नाही, २८ दिवसांतच धरता येतात. त्यातल्या चार तरी सोमवारीच येतात, मंगळ-बुध-गुरू करणारीच्या वाट्याला काय येणार? पूर्णवेळवाल्यांना वरून देत असतील तर आपल्यालाही त्या प्रमाणात मिळायला हव्यात. हे विचारायचं. मी विचारत नव्हते.

मी २०१२ साली आले. सॅलडच्या पिशव्या भरायच्या कारखान्यात तीन दिवस. सुपरवायझर म्हणाला, पार्ट-टाइमवाल्यांना हॉलिडे नसतो. मला ते लगेच पटलं. आमचे बाबा बेळगावच्या वडगावात आयुष्यभर पॉवरलूमवर. माग बंद तर मजुरी बंद, वीज गेली तरी बंद. पगार घेऊन सुट्टी हे साहेबलोकांचं, आपलं नव्हे, असंच डोक्यात. दर श्रावणात बाबा फोनवर, "कधी येऊलीस गं?" मी म्हणायची, रजा नाही ओ बाबा. बिनपगारी तीन आठवडे, वर तिकीट, हा हिशेब मी त्यांना सांगत नव्हते. २०१४ च्या मार्गशीर्षात ते गेले. तेव्हा मात्र रजा मिळाली, बिनपगारी, पाच दिवस.

पुढल्या वर्षी नव्या कामावर एका पोलिश बाईनं माझी जुनी स्लिप बघितली आणि कपाळाला हात लावला. वर्षाला जवळजवळ १७ दिवस, तीन वर्षं! अ‍ॅकास म्हणून कामाच्या हक्कांबद्दल सांगणारी संस्था आहे, तिच्या हेल्पलाइनला फोन केला, सल्ला फुकट असतो, तू येण्याआधीच तो नंबर लिहून ठेव. तिथली बाई फार नीट बोलली. पण तक्रारीची मुदत तेव्हा तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी होती आणि ती कधीच उलटली होती.

इतकं लिहून थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण फसवलं हे अर्धंच खरं आहे. बेळगावात मी मराठी शाळेत शिकवत होते, बी.एड. आहे. घरी मी सांगितलं होतं, ऑफिसात आहे. गेले असते तर सगळ्या गल्लीनं विचारलं असतं, कसलं ऑफिस. "रजा नाही" हे मला सोयीचं होतं. मागून बघायचं ना एकदा, कागदावर लिहून? नाही मागितली.

मुलाच्या शाळेचं म्हणशील तर इथं वय बघून वर्गात घालतात, १ सप्टेंबरची तारीख धरून. आमचा तिसरी करून आलेला पोरगा थेट इयर फाइव्हमध्ये बसला. ते जमलं त्याला. फॉर्मवर घरची भाषा मी मराठी लिहिली होती, शाळेनं रेकॉर्डला हिंदी केली. दोनदा सांगितलं, दोनदा "सेम थिंग" ऐकलं. ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांसाठी मोर्चे निघतात तिथनं आलेय मी! अजून राग येतो. आणि शाळा चालू असताना पोराला घेऊन गावी गेलीस तर दंड बसू शकतो, आता आई-बाप प्रत्येकी ८० पौंड, २१ दिवसांत भरला तर, नाहीतर १६०. म्हणजे रजा हातात असली तरी ती शाळेच्या सुट्टीला बांधलेली.

कागदांचं एक. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पासपोर्टवर जुनं, नंतर काढलेल्या दाखल्यावर नवं, तेही कन्नडमध्ये. ही दोन गावं नव्हेत हे मी किती टेबलांवर सांगितलंय विचारू नकोस. भाषांतर प्रमाणित करून दोन-दोन प्रती आण.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, मंगळवारी कामावर गेलं की जातो.

रजा मागताना जितकी हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगायचं, दोन आठवड्यांसाठी चार. तारखा ईमेलनं टाकायच्या, तोंडी नाही. आणि कुंदा आणू नकोस, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे.

२०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला आली. माझी ११ दिवस पगारी रजा शिल्लक, तिकिटाचे पैसे होते. भाऊ म्हणाला, कपिलेश्वर तलावापर्यंत विसर्जनाला ये यंदा तरी. मी त्याला म्हणाले, रजा नाही.