बदल केला, पण तोच चालतो आहे ना?

प्रश्न : रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर आधारलेल्या एका मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्कच्या राउटिंगमध्ये (कोणत्या पत्त्यावर कोणते पान दाखवायचे हे ठरवणाऱ्या भागात) मी एक दुरुस्ती केली आहे. फ्रेमवर्कच्या स्वतःच्या चाचण्या उत्तीर्ण होतात. प्रत्यक्ष वापरात ती कशी वागते हे पाहण्यासाठी मी एक छोटा नमुना प्रकल्प तयार केला आणि एनपीएम या पॅकेज बसवण्याच्या साधनाच्या ‘एनपीएम लिंक’ या आज्ञेने माझी स्थानिक प्रत त्याला जोडली. आधी काहीच फरक दिसला नाही आणि नंतर हुकचा (रिअ‍ॅक्टमधील खास फंक्शनचा) वापर चुकीचा असल्याची त्रुटी येऊ लागली. माझी दुरुस्तीच चुकली असे समजावे का?

उत्तर : इतक्यात तसे समजू नये, कारण आपण सांगितलेल्या दोन्ही लक्षणांचे मूळ बहुधा दुरुस्तीत नसून जोडणीत आहे.

पहिले लक्षण घेऊ. ‘एनपीएम लिंक’ प्रकल्पाच्या नोड मोड्यूल्स फोल्डरमध्ये केवळ एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा, ठेवते. कोड बांधण्याचे, म्हणजे बिल्डचे, काम ती करत नाही. बहुतेक फ्रेमवर्कचा मूळ कोड टाइपस्क्रिप्टमध्ये असतो आणि पॅकेज.जेसन या माहितीफाइलमधील प्रवेशबिंदू मात्र बिल्ड झालेल्या फायलींकडे बोट दाखवतो, त्यामुळे मूळ फायलीत कितीही बदल केले तरी पुन्हा बिल्ड होईपर्यंत नमुना प्रकल्पाला जुनाच कोड मिळत राहतो. बिल्ड वॉच मोडमध्ये, म्हणजे फाइल बदलताच आपोआप पुन्हा होईल अशी, चालू ठेवावी. शिवाय प्रकल्पात मध्येच ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवले, तर जोडणी निघून रजिस्ट्रीतील, म्हणजे एनपीएमच्या ऑनलाइन भांडारातील, पॅकेज गुपचूप परत येऊ शकते. ‘एनपीएम एलएस’ला पॅकेजचे नाव दिले की ते आपल्या फोल्डरकडे बाणाने निर्देश करते की नाही, हे दिसते. मी स्वतः याहूनही साधा उपाय करतो : बदललेल्या फंक्शनमध्ये मुद्दाम एक त्रुटी फेकतो. प्रकल्प कोसळला नाही, तर माझा कोड चालतच नाही हे उघड होते. विटे हे बिल्डचे साधन वापरत असल्यास त्याची साठवलेली कॅशे ‘फोर्स’ पर्यायाने नव्याने तयार करून घ्यावी.

हुकची त्रुटी अधिक फसवी आहे. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) सिमलिंकचा माग काढत खऱ्या फोल्डरपर्यंत जातो आणि फ्रेमवर्कला लागणारी पॅकेजे तेथूनच शोधू लागतो. फ्रेमवर्कच्या विकासासाठी तेथेही रिअ‍ॅक्ट बसवलेले असते, म्हणून एकाच पानात रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती भरल्या जातात आणि हुक भलत्याच प्रतीला विचारणा करतात. यावर तोडगा म्हणजे फ्रेमवर्कच्या फोल्डरमध्ये जाऊन नमुना प्रकल्पातील रिअ‍ॅक्टच उलट दिशेने लिंक करणे. विटेमध्ये ‘डीड्यूप’ या सेटिंगनेही हेच साधता येते.

तरीही, लिंकवर मिळालेला निकाल अखेरचा मानण्यास माझा विरोध आहे. लिंक केलेल्या फोल्डरमध्ये सर्वच फायली हजर असतात, तर प्रकाशित पॅकेजमध्ये ‘फाइल्स’ या यादीतून सुटलेली फाइल सहसा जात नाही, आणि ही उणीव लिंकवर कधीच उघडी पडत नाही. त्यासाठी ‘एनपीएम पॅक’ने संकुचित फाइल तयार करून तीच नमुना प्रकल्पात बसवावी. प्रत्येक वेळी आवृत्ती क्रमांकाला नवे शेपूट जोडावे, अन्यथा लॉक फाइलमधील (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधील) जुन्या नोंदीमुळे गोंधळ होतो. रोजच्या फेरबदलांसाठी लिंक आणि पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवण्यापूर्वी एकदा पॅक, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. (अन्य भाषांत हे काम सोपे आहे. पायथनमधील जँगो या फ्रेमवर्कसाठी ‘पिप इन्स्टॉल’ला संपादनयोग्य प्रतीचा पर्याय देता येतो, तर रुबीमधील रेल्समध्ये नवा प्रकल्प निर्माण करतानाच ‘डेव्ह’ हा पर्याय देऊन त्याला स्थानिक प्रतीशी बांधता येते.)

नमुना प्रकल्पाविषयीही एक सूचना आहे. तो आधी फ्रेमवर्कच्या प्रकाशित आवृत्तीवर चालवून मूळ दोष डोळ्यांनी पाहावा आणि मगच आपली प्रत जोडावी. दोष आधी दिसलाच नसेल, तर नंतर तो न दिसण्यावरून दुरुस्तीविषयी काहीही सिद्ध होत नाही. राउटिंगच्या बाबतीत डेव्ह सर्व्हर (विकास करताना चालणारा) आणि प्रॉडक्शन बिल्ड (प्रत्यक्ष वापरासाठीची) अनेकदा निराळे वागतात, म्हणून ही तुलना दोन्हींवर करावी.