जाळीत उडतो, सामन्यात का नाही?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमधला (बेसबॉलसारखा, पण चेंडू हाताखालून टाकायचा खेळ) हिटिंग कोच, म्हणजे बॅटिंग शिकवणारा प्रशिक्षक

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतल्या तिसऱ्या) एका कॉलेजकडून सॉफ्टबॉल खेळते. पुढच्या वर्षी तिची पदवी पूर्ण होईल. तिला हिटिंग कोच व्हायचंय. लगेच नोकरी मिळते का?

मोठ्या विद्यापीठात लगेच, क्वचितच. रुळलेली पहिली पायरी म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. एम.ए. किंवा एम.एस.ची फी माफ किंवा कमी होते, वर थोडं मानधन मिळतं आणि त्या बदल्यात वर्षभर संघासोबत राबायचं. पूर्वी याच्या जोडीला बिनपगारी 'व्हॉलंटियर कोच' नावाची एक जागा असे. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने १ जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनमधलं, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरातलं, हे पद काढून टाकलं आणि सॉफ्टबॉलला मुख्य प्रशिक्षक धरून चार प्रशिक्षकांची मुभा दिली. त्यामुळे त्या चौथ्या जागेला आता पगार देता येतो. किती द्यायचा, हे मात्र त्या त्या विद्यापीठाच्या तिजोरीवर.

छोट्या कॉलेजात 'हिटिंग कोच' ही पाटी फारशी कुणाच्या दारावर नसते. एकच असिस्टंट हिटिंग घेते, आउटफिल्ड सांभाळते, बस ठरवते आणि पावसानंतर मैदानही सारखं करते. पुतणीने अशा जागेला नाक मुरडू नये. तिथे पहिल्या दिवसापासून सोळा-अठरा बॅटर तिच्या हाती येतील. मोठ्या संघात तीच दोन वर्षं चेंडू फेकणाऱ्या मशीनमध्ये चेंडू घालत जाऊ शकतात.

जागा सुटतात त्या प्रामुख्याने हंगाम संपल्यावर, जून-जुलैत. एनसीएएच्या आणि नॅशनल फास्टपिच कोचेस असोसिएशनच्या नोकऱ्यांच्या यादीवर रोज नजर हवी. या संघटनेचं अधिवेशन डिसेंबरमध्ये भरतं. ओळखी वाढवायला ते बरं. अर्जासोबत स्वतःच्या फटक्यांचा व्हिडिओ पाठवू नये, तो मुख्य प्रशिक्षकांच्या कामाचा नाही. एखाद्या बॅटरसोबत दहा मिनिटं काम करतानाचा पाठवावा. काय पाहिलं, कोणती एकच सूचना दिली आणि पुढच्या दहा चेंडूंत काय बदललं, ते त्यात दिसायला हवं.

प्रश्न : हिटिंग कोचचं काम म्हणजे स्विंग सुधारणं, एवढंच ना?

नाही. आमच्या मते तो या कामाचा छोटा भाग आहे, आणि नवे प्रशिक्षक नेमके त्यातच अडकतात.

आधी हिशेब पाहू. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, जिथून टाकते ती पिचिंग प्लेट बॅटरजवळच्या होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, म्हणजे तो साधारण ३७ फुटांवरून निघतो. ताशी ६५ मैल वेगाचा चेंडू हे अंतर ०.३९ सेकंदात कापतो. त्यातले सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरण्यातच जातात. चेंडू कोणता, कुठे येणार, मारायचा की सोडायचा, हे सगळं उरलेल्या पाव सेकंदाच्या आत ठरवायचं. त्याच हातातून ताशी ४८ मैलांचा चेंज-अप (मुद्दाम संथ टाकलेला चेंडू) आला, तर त्याला ०.५३ सेकंद लागतात. फरक ०.१४ सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या एका स्विंगचा. देखणा स्विंग चुकीच्या वेळी सुरू झाला तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून खरं काम वेळ साधायला आणि चेंडू निवडायला शिकवणं, हे.

स्विंगमधले मोठे बदल शरद ऋतूत, म्हणजे ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत करायचे. सामने फेब्रुवारीत सुरू होतात आणि डिव्हिजन वनच्या नियमित हंगामात ५६ पर्यंत खेळता येतात. मार्चमध्ये एखादी मुलगी पंधरा वेळा बॅटिंगला येऊन एकदाच बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर) पोहोचली म्हणून तिचं पाऊल टाकणंच बदलायला गेलात, तर जुनी सवय जाते, नवी बसत नाही आणि एप्रिल हातचा जातो. अशा वेळी आधी व्हिडिओत पाहा : पुढचं पाऊल जमिनीला लागतं तेव्हा चेंडू कुठे असतो? बहुतेकदा पाऊल उशिरा टेकत असतं आणि 'हात आखडले' हा त्याचा परिणाम असतो. पाऊल आधी उचलायला सांगा, हातांना हात लावू नका.

बाकीचा वेळ जातो समोरच्या पिचरच्या अभ्यासात. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद) ती काय टाकते? ती मागे पडली, म्हणजे बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेर गेलेले चेंडू) जास्त आणि स्ट्राइक कमी असले, की कशाचा आधार घेते? चेंज-अप टाकताना हातमोज्यात पकड बदलायला जास्त वेळ घेते का? यातल्या दोनच गोष्टी संघाला सांगाव्यात. आठ सांगितल्या तर बॅटर बॉक्समध्ये (तिच्या आखलेल्या चौकटीत) उभी राहून आठवत बसते.

प्रश्न : मी एका हायस्कूल संघाला मदत करतो. आमच्या मुली मशीनवर एकामागून एक सणसणीत फटके मारतात, पण सामन्यात चेंडूला बॅटही लागत नाही. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि कॉलेजातही दुखणं हेच असतं.

पहिलं कारण : मशीनला हात नसतो. मुली वेळ जुळवतात ती चेंडू घालणाऱ्याच्या बोटांशी. सामन्यात ती बोटं नाहीत. घालणाऱ्याने चेंडू आधी वर धरून दाखवावा, मोकळा हात पिचरसारखा पूर्ण गोल फिरवावा आणि हात खाली येतानाच चेंडू मशीनमध्ये सोडावा. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, मग बॅटरचं पाऊल आपोआप त्या फिरण्याशी जुळू लागेल.

दुसरं : एकच वेग, एकच जागा. पाचव्या-सहाव्या चेंडूनंतर ओळखायचं काही उरतच नाही, नुसता ठेका धरायचा असतो. फेरी सहा चेंडूंची ठेवा. त्यातले दोन मुद्दाम बाहेर जाऊ द्या आणि योग्य सोडलेल्या चेंडूलाही फटक्याइतकाच गुण द्या. गुण न दिल्यास मुली सरावात काहीच सोडत नाहीत, मग सामन्यात कशा सोडतील?

तिसरं, फ्रंट टॉस (सरावात समोरून, जवळून हाताने टाकलेला चेंडू) फार संथ असतो. २० फुटांवरून ताशी ३० मैलांनी टाकलेला चेंडू ०.४५ सेकंदात पोहोचतो. तोच ३५ मैलांनी टाकला तर ०.३९, म्हणजे सामन्यातल्या ६५ मैलांच्या चेंडूइतकाच वेळ मिळतो. साधी रडार गन घेऊन एकदा स्वतःचा वेग मोजाच, बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा तो कमी निघतो. टॉस टाकताना एल-स्क्रीनच्या (टाकणाऱ्याला वाचवणाऱ्या एल आकाराच्या जाळीच्या) मागे राहा आणि चेंडू सुटताच हात आत घ्या.

चौथी गोष्ट राईज बॉलची. हा चेंडू मध्येच उसळून वर चढतो असा भास होतो. प्रत्यक्षात तो खालून सुटून वरच्या रोखाने येतो आणि उलट्या फिरकीमुळे डोळ्यांच्या अंदाजाइतका खाली उतरत नाही. म्हणून बॅट त्याच्या खालून जाते. मशीन जमिनीच्या जवळ आणून, तोंड वर करून तो दाखवता येतो, पण तो मारायला शिकवण्याआधी सोडायला शिकवा. छातीच्या वर जाणारा राईज बॉल चांगल्या चांगल्या बॅटरांकडूनही क्वचितच नीट लागतो.

टीबद्दल (चेंडू वर ठेवून मारायच्या दांड्याबद्दल) थोडक्यात : आतल्या चेंडूसाठी ती प्लेटच्या पुढच्या कडेला किंवा त्याही पुढे, बाहेरच्या चेंडूसाठी मागे. कायम मधोमध ठेवली तर आतला चेंडू उशिरा मारण्याची सवय लागते. बॅटचं वजनही पाहा. कॉलेजातल्या मुलीही बहुतेक ३३-३४ इंची, २३-२४ औंसांची बॅट वापरतात. हायस्कूलच्या मुलीला त्याहून जड बॅट देऊन 'ताकद येईल' म्हणणं हे उशिरा पोहोचण्याचं आमंत्रण.

प्रश्न : मी क्रिकेटमध्ये फलंदाजीचं प्रशिक्षण दिलं आहे. ते इकडे चालेल का?

नजर चालेल, हात नाही. लेंग्थ लवकर ओळखण्याची सवय मोलाची आहे. पण टप्पा पडण्याची वाट पाहणं, सरळ बॅट आणि चेंडूच्या दिशेने पूर्ण वजन पुढे टाकणं, या तिन्ही गोष्टी विसराव्या लागतील. शिवाय स्लॅप नावाचा प्रकार नव्याने शिकावा लागेल : डावखुरी बॅटर बॉक्समध्येच पळायला लागते आणि पळता पळता चेंडू ढकलते. पहिला बेस ६० फुटांवर असल्याने वेगवान मुलगी पावणेतीन सेकंदांच्या आसपास तिथे पोहोचते. चेंडू लागताना तिचं पाऊल पूर्ण रेषेबाहेर जमिनीवर असेल तर ती बाद.

प्रश्न : ही नोकरी टिकते का? कामगिरी कशावरून मोजतात?

धावांवरून, बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणावरून, लांब फटक्यांवरून. पण नोकरी टिकते ती मुख्यतः मुख्य प्रशिक्षकांसोबत. ते गेले की असिस्टंटही बहुधा जातात, फटके कितीही चांगले बसत असोत. ओक्लाहोमा विद्यापीठाचं उदाहरण अपवाद म्हणूनच पाहावं. तिथे पॅटी गासो १९९५ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि हिटिंग त्यांचा मुलगा जे. टी. गासो पाहतो. २०२१ मध्ये त्या संघाने एका हंगामात १६१ होमरनचा (चेंडू थेट कुंपणापार मारलेले फटके) एनसीएए विक्रम केला आणि त्या वर्षापासून सलग चार विजेतेपदं मिळवली. अशी घडी सगळीकडे बसत नाही.

दुसरा टेकू म्हणजे खेळाडू शोधणं. हायस्कूलच्या अकरावीतल्या १ सप्टेंबरपासूनच डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना मुलींशी भरतीबद्दल बोलता येतं. पण त्या तारखेला कुणाला फोन करायचा याची यादी आधीच्या उन्हाळ्यात, ट्रॅव्हल बॉलच्या (शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या) स्पर्धांमध्ये दिवसभर उन्हात बसून तयार होते. ज्याला हे जमत नाही, त्याला नुसत्या केजमधल्या (सरावाच्या जाळीतल्या) कौशल्यावर वरची जागा मिळणं अवघड.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : मुदत एक वर्षाची की अधिक, मुख्य प्रशिक्षक बदलल्यास पगार किती महिने चालू राहील, आणि उन्हाळी शिबिरांच्या कमाईत वाटा किती. सरकारी विद्यापीठांतले पगार बहुतेक राज्यांत सार्वजनिक नोंदीत असतात, तेव्हा आकडा बोलण्याआधी त्या जागेवर आधी किती मिळत होतं ते पाहून जा. खासगी शिकवण्या घ्यायच्या असतील तर आधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) विभागाकडून लेखी परवानगी घ्या. शिकायला येणारी मुलगी नियमांच्या भाषेत संभाव्य खेळाडू ठरू शकते.