अनेक वर्षे धावण्याच्या सवयीतून आपण आयुष्याबद्दल काय शिकलात?

बरीच वर्षे नियमित धावणाऱ्या माणसाला त्यातून जगण्याच्या दृष्टीने काय मिळते, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्यात राहतो, एका पतसंस्थेत कर्जविभागाचे काम पाहतो आणि तरुणपणापासून यवतेश्वर घाटात धावत आलो आहे. धावण्याने जिद्द येते, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण जिद्द बहुतेकांकडे आधीच असते. मी शिकलो ते ताकद राखून वापरायला.

घाटाचेच उदाहरण घेतो. २०१२ पासून होत आलेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक असून तिचा पूर्वार्ध मुख्यतः चढाचा, तर उत्तरार्ध उताराचा असतो. बाहेरगावाहून येणाऱ्यांना धास्ती असते ती चढाची. प्रत्यक्षात समर्थ मंदिर मागे टाकून घाटाला लागले की दम लागतो, वेग उतरतो आणि शरीर स्वतःच लगाम घालते. उतारावर श्वास सुखावलेला असतो, पाय सुसाट सुटतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणल्या जात असतानाच प्रत्येक पावलाचा भार झेलावा लागतो. त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. तेव्हा जिना चढणे जमते, पण उतरताना कठडा धरावा लागतो. पतसंस्थेतही मी हेच पाहत आलो आहे. थकबाकी वाढलेल्या वर्षी सगळेच जपून असतात. हप्ते वेळेवर येत असलेल्या वर्षी मात्र जामीनदारांची कागदपत्रे नजरेखालून घातल्यासारखी केली जातात. म्हणून चांगल्या वर्षी मी अधिक बारकाईने तपासतो, आणि त्यामुळे सहकाऱ्यांना थोडा नकोसाही होतो.

दुसरी गोष्ट संथपणाची. सरावातील बहुतेक धावणे अशा गतीने करावे की, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. नवख्यांना हा निव्वळ आळस वाटतो, परंतु स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे आणि चरबीचा इंधन म्हणून अधिक चांगला वापर होणे ही कामे अशा धावण्यात चांगली होतात. शिवाय दम काही आठवड्यांतच सुधारतो, तर कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे तंतू) आणि हाडे यांना महिने लागतात. त्यामुळे छाती अजून धावायला तयार असते आणि नडगी नसते. उत्साह म्हणजे तयारी नव्हे, हे मला असे हाडामांसातून कळले. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील तर हलके धावायला हरकत नसते. पण नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि धावताना दुखणे वाढत असेल, तर थांबून डॉक्टरांकडे जावे. तिथे जिद्द दाखवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

आमच्याच जिल्ह्यातील, माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांचा निर्णय मला याहूनही अवघड वाटतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ पासून सलग ३ वर्षे पहिल्या आल्यावर त्या ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या, जिथे २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या पार कराव्या लागतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि त्या दहाव्या आल्या. जिंकत असलेला प्रकार सोडायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार मी नोकरी बदलू पाहणाऱ्या तरुणांशी बोलताना आवर्जून मांडतो.

धावण्याने काय शिकवले नाही, हेही सांगायला हवे. हा एकट्याचा उद्योग आहे. चार माणसांत जुळवून घेणे त्यातून येत नाही. पहाटे मी घाटात असतो तेव्हा घरी दूध तापवणे, डबे भरणे, मुलांना उठवणे हे सारे कोणाला तरी करावेच लागते. पत्नीने ते स्पष्ट शब्दांत सांगितल्यापासून लांब पल्ल्याचे धावणे रविवारी असते, आणि इतर दिवशी डबे भरून झाल्याशिवाय मी बूट चढवत नाही.