भंडारदऱ्याला तंबूत राहायचंय, पण शांतता मिळेल ना?

मागच्या अंकात थंडीतल्या सहलींबद्दल लिहिताना भंडारदऱ्याच्या तंबूंचा एका ओळीत उल्लेख केला होता आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्या एका ओळीवरच आले. एकसारखे होते ते एकत्र केलेत, लांबलचक होते ते कापलेत, राग मानू नका.

ताई, मागच्या डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं मावळातल्या एका धरणाच्या काठी तंबूत राहायला गेलो. फोटोत नुसतं पाणी, डोंगर आणि कंदील. प्रत्यक्षात रात्री दोनपर्यंत डीजे, शेजारच्या तंबूत कुणाचा तरी वाढदिवस, सकाळी काठाला बाटल्या. भंडारदऱ्यालाही हेच असेल तर सरळ सांगा, आम्ही आपले गच्चीवर झोपतो. – एक वाचक, डोंबिवली

सरळच सांगते, शनिवारी रात्री आणि थर्टीफर्स्टला भंडारदऱ्यालाही बऱ्यापैकी हेच असतं. म्हणून माझं म्हणणं असं की जागा बदलायच्या आधी वार बदला. रविवारी दुपारनंतर घोटीच्या रस्त्याला गाड्या परत निघतात आणि संध्याकाळपर्यंत काठावर गावातली माणसं, गुरं आणि तुम्ही, एवढेच उरता. एक सोमवार रजा टाकायची, बस. मुलांची शाळा बुडेल म्हणाल तर एक दिवस बुडू दे, काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे शेंडीत थांबू नका. शेंडी म्हणजे धरणाच्या भिंतीजवळचं गाव, हॉटेलं, दुकानं, टपऱ्या, सगळा गलबला तिथेच. तिथून धरणाच्या तलावाला, म्हणजे आर्थर लेकला, वळसा घालणारा रस्ता जातो, त्यावर पुढे मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं लागतात, आणि तंबू बहुतेक गावकऱ्यांच्या स्वतःच्या रानात असतात. नोव्हेंबरात भात निघाला की खाचरं मोकळी होतात, मग त्यातच तंबू लागतात. तंबूखाली हात फिरवून बघा, भाताची धसकटं नीट काढली नसतील तर रात्रभर पाठीला टोचतात आणि तंबूचं बूडही फाटतं, ती काढून पेंढा अंथरून द्या म्हणून सांगायचं, लोक देतात, नाही कुणी म्हणत नाही.

बुकिंगचा फोन कराल तेव्हा व्ह्यू कसा आहे हे विचारूच नका, व्ह्यू सगळीकडेच आहे. विचारायचं ते हे, की त्या दिवशी एकूण तंबू किती लागणार, स्पीकर ठेवता का, आणि जनरेटर आहे का. जनरेटरचं कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो भकाभका चालू झाला की डीजे नसला तरी काय उपयोग. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद हा तर 2000 सालापासूनचा नियमच आहे, पण नियम दाखवत बसण्यापेक्षा जो माणूस फोनवर आपणहून सांगतो की आमच्याकडे गाणी लावत नाही, त्याच्याकडे जावं. मी तर चार तंबूंच्या वर असेल तर नको म्हणते.

सोबत माझ्या सासूबाई (वय 71) आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. सासूबाईंची फार इच्छा आहे, पण थंडी किती असते आणि त्यांना तंबूत झेपेल का? – एक वाचक, पुणे

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि पुण्याची थंडी सोसणाऱ्या माणसालाही तिथे हुडहुडी भरते कारण भिंत नाही. सगळे जण अंगावर घ्यायला दोन-दोन ब्लँकेट नेतात आणि खाली मात्र एक पातळ चटई. उलट करायला हवं. जमीन अंगातली ऊब शोषून घेते, त्यामुळे खाली जाड फोमची मॅट, तिच्यावर सतरंजी किंवा घोंगडी, आणि मग वर काय ते पांघरूण. सासूबाईंना कानटोपी आणि कोरडे पायमोजे, घालून आलेले नाही, झोपताना वेगळे घ्यायचे.

तंबू पाण्याला अगदी लागून घेऊ नका. फोटो छान येतो मान्य, पण थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली घरंगळते आणि पाण्याजवळच्या खोलगट भागात साठते, वर तिथेच धुकं आणि दव. थोडं वरच्या बांधावर गेलात तरी फरक जाणवतो. आणि थंडी वाजते म्हणून तंबूची सगळी चेन लावून टाकू नका, आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून थेंब धरते आणि पहाटे अंगावर टपटप सुरू होते, मग सगळे म्हणतात तंबू गळका दिला. वरची जाळीची खिडकी थोडी उघडी हवीच.

आता एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. शेगडी, निखारे, कोळशाची बार्बेक्यू, काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. विझत आलेत, नुसती ऊब घेऊ, असं म्हणूनही नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो.

सासूबाईंना रात्री उठावं लागत असेल तर संडास तंबूपासून किती लांब आहे आणि वाटेत दिवा आहे का हे विचारा, आणि तो भारतीय पद्धतीचा असेल तर गुडघ्यांचा विचार करा. मी असते तर त्याच मालकाच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली सांगितली असती. जेवून, गप्पा मारून, आकाश बघून त्या घरात झोपल्या तर त्यांची हौसही फिटते आणि तुम्हालाही घोर नाही. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असे या आणि उजेड असेपर्यंत पोचा.

आम्ही कॉलेजची पोरं, स्वतःचा टेंट आहे. काठावर कुठेही लावला तर चालेल ना? आणि शेकोटी? – एक वाचक, नाशिक

कुठेही नाही रे. तलावाभोवतीचं बरंचसं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, 1986 पासून, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आग लावणं तर वन्यजीव कायद्यात गुन्हाच आहे. त्यामुळे मोकळी दिसली म्हणून जागा आपली नसते. गावात जाऊन ज्याचं रान आहे त्याला विचारायचं, थोडे पैसे द्यायचे, त्याच्याकडेच जेवायचं. नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा तुमच्या मॅगीपेक्षा कधीही सरस.

शेकोटी मालक दाखवेल तिथेच, त्यानेच दिलेल्या लाकडांची आणि लहान. फेब्रुवारीनंतर कारवी आणि गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते, मग हट्ट करू नका. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात धरून गार लागलं की मग झोपायला जा. भांडी, दात, आंघोळ हे सगळं काठापासून साठ-सत्तर पावलं लांब, कारण ते पाणी खाली गावंच्या गावं पितात, प्रवरा नदीचं पाणी आहे ते. आणि कचरा तिथल्या डब्यात टाकू नका, गावात घंटागाडी येत नाही, तो डबा शेवटी कुठेतरी ओतला किंवा जाळला जातो. पिशवीत भरून नाशिकला आणा.

काजवे बघायचेत. कधी यायचं आणि फोटो कसा काढायचा? – एक वाचक, ठाणे

मेचा शेवटचा आठवडा ते मोठा पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या दोन-तीन सरी झाल्या की जोर धरतात. अमावास्येच्या आसपासच्या रात्री चांगल्या, चांदणं असलं की मजा कमी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते दाटीने बसतात आणि काही झाडं अक्षरशः एका तालात उघडमीट करतात, म्हणजे पूर्ण झाड पेटतं, विझतं, परत पेटतं, आणि मग ते लोण शेजारच्या झाडावर जातं.

पण हे चाललेलं असतं लग्नाचं. नर चमकून विचारतो, मादी चमकून होकार देते. कित्येक महिने जमिनीत आणि पाचोळ्यात अळीच्या रूपात गोगलगायी खाऊन काढल्यावर त्याला पंख फुटून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, आणि त्यात आपण गाडीचा हेडलाइट त्याच झाडावर मारून उभे राहतो. लाइट पडला की झाड गप्प होतं, तुम्ही स्वतः करून बघू नका पण कुणीतरी करतंच आणि तेव्हा दिसतं ते. म्हणून गाडी गावात लावा, चालत जा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा आणि तो पायाशीच धरा. मादी बरेचदा खाली गवतात, झुडपात असते, म्हणून पायवाट सोडून झाडाखाली शिरू नका.

फोटोचं म्हणाल तर मोबाइलवर विशेष काही येत नाही, उगाच फ्लॅश उडतो आणि लोक शिव्या घालतात. ट्रायपॉड आणि कॅमेरा असेल तर वीस-तीस सेकंदांचं एक्सपोजर असे बरेच फोटो काढून नंतर एकावर एक चढवतात. इंटरनेटवर जे हजारो ठिपक्यांचे फोटो दिसतात ते असे जोडलेले असतात, डोळ्यांना एका वेळी तेवढे दिसत नाहीत, तेव्हा तिथे जाऊन "फोटोत होते तेवढे नाहीत" असा हिरमोड करून घेऊ नका. काजव्यांच्या दिवसांत वनखात्याच्या नाक्यावर फी आणि वेळेची बंधनं असतात, निघायच्या आधी मुक्कामाच्या मालकाला विचारा. आणि हो, या दिवसांतही शनिवार नको, तेव्हा घाटापासून गाड्यांची रांग लागते.

जंगलात तंबू म्हणजे साप आणि बिबट्या. माझे मिस्टर ऐकायलाच तयार नाहीत! – एक वाचक, कल्याण

मिस्टरांना सांगा बिबट्या आहे, अकोले तालुक्यात सगळीकडेच आहे, पण तो माणसांच्या घोळक्यात यायला उत्सुक नसतो. लहान मुलांना अंधारात एकटं सोडायचं नाही, उरलेलं जेवण तंबूबाहेर ठेवायचं नाही, कारण वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यामागे बिबट्या.

सापाचं जास्त मनावर घ्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर बरेचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. म्हणून तंबूची खालची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावायची, बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून मगच घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. पहाटे कुणाच्या पोटात विनाकारण कळ आली, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. 108 ला फोन किंवा सरळ गाडीत घालून सरकारी दवाखाना. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. गेल्या गेल्या मालकाला विचारून ठेवा की ते कुठल्या दवाखान्यात मिळतं आणि रात्री फोनला रेंज कुठे येते.

तलावात पोहता येईल का? – एक वाचक, ठाणे

नको. धरणाचा तलाव आहे, काठ एकदम खोल जातो, खाली गाळ, आणि जीवरक्षक वगैरे कुणी नाही. पाय बुडवून बसा.

दोन दिवस तिथे करायचं काय? मुलं कंटाळतील. – एक वाचक, सांगली

कंटाळू दे थोडी. पण अगदीच हवं असेल तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, हेमाडपंती, दगडावरची कोरीव नक्षी हात न लावता जवळून बघण्यासारखी, आणि शेजारची पुष्करणीही. वर दिसतो तो रतनगड, त्याच डोंगरात प्रवरा उगम पावते, हे मुलांना तिथे उभं करून सांगा, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. गड चढायला शिड्या आहेत, वरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, बघण्यासारखं आहे, पण सहावी-सातवीच्या खालच्या मुलांना मी नेणार नाही. कळसूबाई 1646 मीटर, बारी गावातून, त्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी लागेल. साम्रदची सांदण दरी, म्हणजे कातळातली अरुंद खोल घळ, तोंडापर्यंतच जाऊन बघा, आत उतरायचं तर गावातला वाटाड्या हवा, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

भंडारदऱ्याचं हे धरण, म्हणजे विल्सन धरण, 1910 मध्ये बांधायला घेतलं आणि 1926 मध्ये पुरं झालं. रंधा धबधबा मात्र थंडीत बघायला जाऊन "पाणीच नाही" म्हणू नका, तो पावसाळ्याचा. घाटघरच्या कोकणकड्यावर संध्याकाळी जा, वारा प्रचंड असतो, कठड्याच्या पुढे जायचं नाही.

आणि येताना गावातून तांदूळ घ्या. देशी बियाणं जपणाऱ्या बीजमाता म्हणून ज्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, आणि इथल्या घरांत काळभातासारखे जुने वाण अजून पिकतात. मुक्कामाच्या मालकिणीलाच विचारा, घरात असेल तर मापाने देतात, शिजताना घमघमाट सुटतो. मुलांसाठी राजूरला थांबून पेढे.