जबडा उघडताना कट्‌कन वाजतो, सकाळी कानापुढे दुखतं. ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही, असं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत साध्या उपायांनी उतरतं. मी इंदुरात दातांचा दवाखाना चालवतो, असे रुग्ण नेहमीचेच. कानापुढच्या सांध्यात एक छोटी चकती असते, ती जागची सरकली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर त्याला हातही लावायचा नाही. सकाळी दुखतं म्हणजे तुम्ही झोपेत दात आवळत किंवा खात असाल, त्यानं गालाचे स्नायू थकतात.

दिवसा ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे ठेवा. जेवणाखेरीज दात टेकायलाच नकोत. हे सांगायला सोपं, पाळायला कठीण, म्हणून मोबाइलवर आठवण लावा. दिवसातून दोनदा 15 मिनिटं ओला शेक द्या. महिनाभर मऊ खा: खिचडी, पोहे (वर कडक शेव नको), सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलात तर भुट्ट्याचा किस चालेल, गराडू (तळलेला कंद) नको. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा. तरीही सकाळी दुखत राहिलं तर मापाची नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायची पट्टी) करून घ्या, शासकीय दंत महाविद्यालयातही दाखवता येईल. ‘चावा बसवतो’ म्हणून कुणी दात घासून झिजवायला निघालं, तर आधी दुसरं मत घ्या.

मात्र सुपारी-गुटख्याची सवय असून तोंड तीन बोटांपेक्षा कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, तर तो आजार वेगळा. थांबू नका, लगेच दाखवा.