व्हर्टस जीटी 40 मिलिमीटर खाली घ्यावी का? आधी मोजा, आणि 25 वर थांबा

नमस्कार. आपली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, 1.5 टीएसआय, दीड वर्षाची आहे. रोजचा वापर पुण्यात आणि वर्षातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणे होते. आणि मूळ शॉक अब्सॉर्बर तसेच ठेवून 40 मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंग, पुढच्या बंपरखालची पट्टी म्हणजे लिप, मागच्या बंपरखालचा डिफ्युजर, डिकीवरचा स्पॉयलर आणि 18 इंची रिम हे सगळे एकाच फेरीत बसवून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की गाडी खाली घ्यायला माझी हरकत नाही, परंतु 40 चा आकडा सोडून द्यावा आणि सगळे एकाच फेरीत तर मुळीच करू नये. याच जातीची सस्पेन्शनची मांडणी, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात) आणि मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई), असलेल्या माझ्या आधीच्या व्हेंटोला मी बरोबर 40 मिलिमीटर खाली घेतले होते, आणि 22 हजार किलोमीटरच्या आत पुढचे दोन्ही शॉक अब्सॉर्बर तेल गाळू लागले. त्यामुळे पुढचे सारे काहीसे सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक जण गाडी खाली घेण्याची चर्चा ग्राउंड क्लिअरन्सपाशी, म्हणजे गाडीचे पोट आणि जमीन यांच्यातल्या अंतरापाशी, सुरू करतात आणि तिथेच संपवतात. तो मुद्दा आधी हातावेगळा करू. व्हर्टसचा क्लिअरन्स रिकाम्या गाडीला 179 मिलिमीटर आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, 2651 मिलिमीटर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे त्याच्या कमानीची त्रिज्या सुमारे 17 मीटर येते. आपली गाडी त्यावर मधोमध उभी असताना दोन चाकांच्या मध्ये ही कमान केवळ 52 मिलिमीटर वर येते, कारण त्या वेळी चाकेही गतिरोधकावरच चढलेली असतात. असा गतिरोधक 40 मिलिमीटर खाली घेतलेली गाडीसुद्धा सहज ओलांडते. अडचण आहे ती सोसायटीच्या फाटकापुढे कोणीतरी हौसेने घातलेल्या हातभर रुंदीच्या आणि वीतभर उंचीच्या काँक्रीटच्या वरंब्याची. तो दोन चाकांच्या मध्ये आला की चाके जमिनीवर असतात आणि त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाला भिडते. बेसमेंटच्या उताराच्या माथ्याचेही तसेच आहे: 179 मिलिमीटरला गाडी सुमारे 15.4 अंशांचा उंचवटा ओलांडते, 30 मिलिमीटर खाली घेतल्यावर, म्हणजे 149 ला, 12.8 अंशांचा. आपल्या रोजच्या वाटेवर असे किती वरंबे आणि उतार आहेत हे आपल्यालाच ठाऊक; टेप घेऊन एक रविवार त्यासाठी घालवावा.

खरा खर्च होतो तो मात्र चाकाच्या वर-खाली होण्याच्या अंतराचा, ज्याला ट्रॅव्हल म्हणतात. गाडी उभी असताना शॉक अब्सॉर्बरची काठी आणखी किती आत जाऊ शकते, म्हणजे बंप स्टॉपचे (शेवटचा धक्का अडवणारे) रबर टेकेपर्यंत किती जागा आहे, ती ही शिल्लक असते. समजा ती 80 मिलिमीटर आहे. खड्ड्याचा धक्का पचवण्याची स्प्रिंगची ताकद ही कडकपणा आणि दबण्याच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. आपण 40 मिलिमीटर खर्च केले की उरले 40, म्हणजे अंतर निम्मे झाले. तेवढाच धक्का बंप स्टॉपला न लागता पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. चौपट कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कोणी विकत नाही आणि विकूही नये. 25 मिलिमीटर खर्च केले तरी हिशेब दुपटीच्या थोडा वर जातो, आणि बाजारातल्या चांगल्या स्प्रिंगही इतक्या कडक नसतात. उरलेले काम बंप स्टॉप करतो. म्हणूनच नामांकित उत्पादक बऱ्याच संचांत आखूड आणि मऊ सुरुवातीचे बंप स्टॉप देतात किंवा मूळ बंप स्टॉप नेमके किती कापावेत ते सांगतात. हे काम ‘रबरच तर आहे’ म्हणून टाळणारा मेकॅनिक दिसला की गाडी तिथून बाहेर काढावी. माझ्या व्हेंटोत नेमके हेच झाले होते: गाडी दर दुसऱ्या खड्ड्याला रबरावर आपटत होती आणि मी त्याला ‘स्पोर्टी कडकपणा’ समजून खूश होतो.

ही शिल्लक अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. शॉक अब्सॉर्बरवरचे धुळीचे रबरी आवरण वर सरकवून उघड्या काठीवर प्लॅस्टिकचा एक केबल टाय घट्ट बसवावा, तो खाली सीलपर्यंत ढकलावा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने, शक्य तर एकदा चार माणसे आणि सामान घेऊन, गाडी चालवावी. गाडी सपाट जागी उभी करून सील आणि टाय यांच्यातले अंतर मोजले की त्या आठवड्यात काठी जास्तीत जास्त किती आत गेली ते कळते. मागच्या चाकांचे हे मोजमाप अवश्य करावे, कारण व्हर्टसची डिकी 521 लिटरची आहे आणि गणपतीला गावी जाताना ती रिकामी राहत नाही. एकट्याने चालवतानाच मागचा टाय बंप स्टॉपच्या जवळ पोचत असेल, तर भरल्या गाडीला द्यायला आपल्याकडे काही उरलेलेच नाही असे समजावे.

आता मूळ शॉक अब्सॉर्बर ठेवण्याविषयी. स्प्रिंग जितकी कडक, तितके तिची उसळी आवरायला जास्त डॅम्पिंग, म्हणजे शॉक अब्सॉर्बरचा अटकाव, लागते. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक केली तर मूळ शॉक अब्सॉर्बरची पकड तुलनेने दहा-अकरा टक्क्यांनी सैल पडते, आणि तेवढी चांगल्या अवस्थेतला शॉक अब्सॉर्बर सांभाळून घेतो. स्प्रिंग साठ टक्के कडक केली तर ही घट वीस टक्क्यांच्या वर जाते, आणि मग घाटातल्या वळणावर एखादा उंचवटा आला की गाडी एकदा नव्हे तर दोन-अडीच वेळा डुलते. दुसरे एक कारण पुढच्या चाकांच्या भूमितीत आहे. मॅकफर्सन मांडणीत खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, जवळपास आडवा असतो; गाडी फार खाली घेतली की त्याचे चाकाकडचे टोक वर उचलले जाते आणि गाडी ज्या कल्पित बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो. परिणामी गुरुत्वमध्य खाली येऊनही गाडीला कलवणारी तरफ लांबच होते. थोडक्यात, 25 मिलिमीटरपर्यंत आपल्याला रूप आणि हाताळणी दोन्ही मिळतात. त्यापुढे आपण रूपासाठी हाताळणी गमावत असतो.

मूळ स्प्रिंगचे वेटोळे कापून देण्याचा स्वस्त सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरे, पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, गॅस कटरच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि चाक हवेत लोंबले की सैल स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या उत्पादकांच्या स्प्रिंगचा संच नेमका आपल्याच मॉडेलचा आणि पुढच्या आसावरील वजनाचा आहे हे पाहून घ्यावे, 1.0 आणि 1.5 लिटरच्या इंजिनांत वजनाचा फरक आहे.

बसवताना मी स्वतः उभा राहून चार गोष्टी पाहतो. पहिली, काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवणे, म्हणजे नंतर वाद राहत नाही. दुसरी, स्प्रिंग कॉम्प्रेसरने पुरती दाबल्याशिवाय स्ट्रटच्या माथ्यावरच्या मधल्या नटाला हात न लावणे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो. त्या नटावर इम्पॅक्ट गन चालवली तर काठी गरगरते आणि सील खराब होते, हेही त्याच वेळी सांगावे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे: आर्म आणि बीमचे जे बोल्ट रबरी बुशमधून, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीतून, जातात ते गाडी लिफ्टवर लोंबत असताना शेवटचे आवळू नयेत. बुशमधले रबर आवळल्या क्षणी जिथे असते तिथेच त्याची विश्रांतीची जागा ठरते. लोंबत्या स्थितीत आवळले की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. चाकाखाली आधार देऊन गाडीचे वजन चाकावर आणावे आणि मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावावा. ज्या बोल्टना टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायचे असतात ते ताणले गेलेले असतात, म्हणून नवे घ्यावेत. चौथी, स्प्रिंगवरची छापील अक्षरे सुलट वाचता येतात का ते पाहणे. उलटी बसवलेली स्प्रिंग मी एकदा नव्हे, दोनदा पाहिली आहे. चाकांचे बोल्ट 120 न्यूटन-मीटरला आवळावेत. अलाइनमेंट त्याच दिवशी एकदा आणि स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर, सुमारे 500 किलोमीटरनंतर, पुन्हा करावी. मागच्या बीमला समायोजन नसते, त्यामुळे तिथे ‘सेटिंग’चे पैसे देऊ नयेत. हेडलाइटची उंची मात्र पुन्हा लावून घ्यावी.

रिमविषयी थोडक्यात: मूळ 205/55 आर16 (रुंदी 205 मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची) टायरचा व्यास सुमारे 632 मिलिमीटर आहे. 18 इंचावर 225/40 घेतला तर व्यास जवळपास जुळतो, परंतु बाजूची रबराची भिंत 113 वरून 90 मिलिमीटरवर येते, आणि आपण स्प्रिंगमधली शिल्लक आधीच खर्च केलेली असते. दोन्हीकडून कापू नये. 17 इंचावर 205/50 हा मला पटणारा पर्याय आहे, तोही स्प्रिंगनंतर निदान एक पावसाळा काढून.

सजावटीच्या भागांत पुढचा लिप सर्वांत शेवटी घ्यावा, कारण तो पुढच्या चाकाच्याही पुढे, म्हणजे उतारावर सर्वांत आधी टेकणाऱ्या जागी, आणखी तीन-चार सेंटिमीटर खाली उतरतो. घ्यायचाच तर पॉलियुरेथेनचा घ्यावा. तो घासतो आणि वाकतो. फायबरचा लिप पहिल्याच धडकेत तडकतो आणि जाताना बंपरचे स्क्रू उपटून नेतो. रेडिएटर आणि इंटरकूलरकडे जाणारी खालची जाळी त्याने अजिबात झाकता कामा नये. स्पॉयलरसाठी डिकीच्या पत्र्याला भोक पाडू देऊ नये, कोकणातल्या दमट हवेत त्या भोकाचा गंज आपल्याला वर्षभरात दिसेल. दुहेरी टेप पुरते, मात्र जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी आणि निदान एक दिवस गाडी धुऊ नये. साइड स्कर्टने दाराखालची पाणी जाण्याची छिद्रे बुजत नाहीत ना, आणि डिफ्युजरने मागचे पार्किंग सेन्सर झाकले जात नाहीत ना, हेही पाहावे. एरवी या गाडीच्या वेगाला या साऱ्याचा वायुगतिकीय उपयोग जवळजवळ नाही. आवडते म्हणून बसवावे, आणि तेवढे कारण मला पुरेसे वाटते. केवळ काळी सजावट हवी असेल तर 2024 साली आलेल्या जीटी प्लस स्पोर्टवर ती कंपनीनेच दिलेली आहे. ते भाग सेवा केंद्रात मागवून पाहावेत.

कायद्याची बाजू आपण विचारलेली नाही, पण ती टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्प्रिंगच्या खोक्यातले टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र गुणवत्तेची खूण म्हणून मोलाचे आहे, आपल्या आरटीओपुढे त्याला वजन नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, आणि वॉरंटीच्या काळात सस्पेन्शनची तक्रार नाकारली जाईल हे धरूनच चालावे.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, बंप स्टॉप आणि रबरी बैठका गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत. पुढचे-मागचे, डावे-उजवे असे लिहून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावेत. व्हेंटोचे शॉक अब्सॉर्बर गळाल्यावर मी त्याच पोत्यातल्या स्प्रिंग पुन्हा बसवल्या, आणि पुढची तीन वर्षे गाडी त्याच उंचीवर चालवून मग विकली.